परत आलेल्या पेट्या

आमच्या घरात जुन्या मराठी सिनेमाची वकिली माझी चोवीस वर्षांची मुलगी करते आणि नव्याची बाजू माझा साठीतला मेहुणा लढवतो. उलटं वाटेल, पण आहे ते असं आहे. मुलीच्या मैत्रिणींच्या ग्रुपचं नाव, तिचे टोमणे, ऑफिसातल्या लोकांना तिने ठेवलेली नावं, सगळं १९८५ ते १९९३च्या सिनेमांतलं, म्हणजे तिच्या जन्माच्याही आधीचं. मेहुणा त्याच काळात पुण्यातल्या एका वितरकाकडे 'रिप्रेझेंटेटिव्ह' होता. हे काम आता कुणाला ठाऊक नाही म्हणून सांगतो. सिनेमाची रिळं लोखंडी पेटीत भरून एसटीने गावोगाव न्यायची, टॉकीजच्या दारात बसून तिकिटं मोजायची, रोजच्या गल्ल्याचा डीसीआर भरायचा, मालक चार तिकिटं खिशात घालत नाही ना यावर डोळा ठेवायचा आणि सिनेमा उतरला की पेटी परत आणायची. चालला तर मुक्काम वाढायचा. पडला तर सोमवारच्या पहिल्या गाडीने पेटी आणि माणूस दोघेही परत.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर मामा-भाचीची जुंपली. ती इथे जमेल तशी उतरवली आहे. मी मध्ये फारसा पडलो नाही. बायकोच्या भावाशी वाद घालायचा नाही, एवढं मी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत शिकलो.

भाची : मामा, स्पष्टच सांगते. 'अशी ही बनवाबनवी'नंतर मराठीत तसा विनोदी सिनेमा झालेला नाही. १९८८चा आहे, पण आजही मधूनच कुठूनही लाव, दोन मिनिटांत आपण त्या घरात शिरतो. आत्ताचे सिनेमे पहिल्यापासून बघूनही कोण कुणाचं कोण ते कळत नाही.

मामा : चांगलाच आहे. नाही कोण म्हणतंय?

भाची : नुसता 'चांगला' नाही रे. अशोक सराफकडे बघ कधीतरी. लक्ष्या साडी नेसून मुरकतोय, सचिन लाजतोय, घरमालकीण लीलाबाई डोळे बारीक करून बघतायत. आणि अशोक सराफ काय करतोय? ऐकतोय. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्याच्या चेहऱ्यावर पुढची थाप तयार होताना दिसते. हशा त्या चेहऱ्याला येतो, वाक्य मागून येतं. आत्ताच्या विनोदी सिनेमात सगळे एकदम ओरडतात. कुणीच कुणाचं ऐकत नाही.

मामा : ते नाटकामुळे. ही सगळी रंगमंचावर तयार झालेली माणसं. लक्ष्या 'टूरटूर'मधून आला, विजय चव्हाण 'मोरूची मावशी'तून. समोरचा बोलताना आपण थांबायचं, हशा ओसरला की मगच तोंड उघडायचं, हे प्रयोग करकरून अंगात मुरलेलं. आणि बनवाबनवी लिहिला वसंत सबनीसांनी. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारा माणूस तो. हशा कुठे येणार आणि किती वेळ टिकणार, हे त्यांना कागदावरच दिसत असणार.

भाची : मग? हरलास की.

मामा : एवढ्यात नाही. बनवाबनवी मुळात कशावरून?

भाची : माहितीये. 'बीवी और मकान', हृषिकेश मुखर्जी, १९६६.

मामा : 'धुमधडाका'?

भाची : 'प्यार किये जा'.

मामा : आणि तो श्रीधरच्या तमिळ सिनेमावरून. 'झपाटलेला'तला बाहुला 'चाइल्ड्स प्ले'वरून. 'माहेरची साडी', जिच्यावर अख्खा महाराष्ट्र रडला, ती राजस्थानी सिनेमावरून. आणि परवा फोनवर मला कोण म्हणत होतं, आजकाल नवीन काही कुणाला सुचतच नाही म्हणून?

भाची : उचललं ते उचललं, पण उचलून घरचं केलं की नाही? तात्या विंचू! कवट्या महाकाळ! टकलू हैवान! त्या काळात खलनायकाला नाव होतं. आता खलनायक कोण, तर 'परिस्थिती'. आणि तात्या विंचू कॉम्प्युटरवर बनवलेला नव्हता. रामदास पाध्येंनी घडवलेला खराखुरा बाहुला होता. तो मान वळवतो तेव्हा ती लाकडासारखी वळते, म्हणून भीती वाटते. आताचं भूत गुळगुळीत असतं.

मामा : भीती वाटायची हे खरं. 'झपाटलेला' मी जत्रांतून फिरवलाय. तंबूत पोरं पुढे मातीत बसलेली असायची. बाहुला बोलायला लागला की मागे सरकत सरकत आईच्या पदरात. पण त्याच पेटीचं आणखी एक ऐक. मराठी सिनेमाच्या प्रिंट निघायच्याच मोजक्या. आधी पुणे, मुंबई, कोल्हापूर, मग तालुक्याची गावं, मग जत्रा. पाली-पुसेगावच्या तंबूत पोचेपर्यंत त्या प्रिंटवर पाऊस पडत असायचा. पडद्यावर उभ्या रेघाच रेघा. जिथे तुटली तिथे कापून जोडलेली, त्यामुळे अर्धं गाणं गायब. मारामारीत हात उगारायचा एकाने आणि पडायचा भलताच. तू मोबाइलवर जो स्वच्छ धुतलेला सिनेमा बघतेस ना, तो आमच्यातल्या निम्म्या महाराष्ट्राने कधी बघितलाच नाही.

(इथे मला मध्ये पडायचा मोह झाला होता. पुण्याच्या 'प्रभात'मध्ये पहिल्या आठवड्यात सिनेमा बघणारे आम्ही स्वतःला फार थोर समजायचो. ते टॉकीज २०१४च्या अखेरीस बंद झालं, पुढे 'किबे लक्ष्मी' नावाने उघडलं. बोललो असतो तर विषय तिकडे वाहून गेला असता.)

भाची : तरी आवडायचाच ना लोकांना?

मामा : तो आवडायचा. मी नेलेल्या बाकीच्या पेट्यांचं विचार. बनवाबनवी चालला आणि पुढची काही वर्षं मराठीत दुसरं काही बनेचना. दोन मित्र, एक घरमालक, एक श्रीमंत बाप, कुणीतरी लुगडं नेसणार, शेवटी गोदामात मारामारी, पोलीस येणार आणि सगळे फोटोला उभे राहिल्यासारखे ओळीत. नावं घेत नाही, त्यातली काही मंडळी अजून भेटतात. नायकाचा मित्र तोतरा, म्हणून हसायचं. मोलकरीण जाडी, म्हणून हसायचं. म्हातारा बहिरा, म्हणून हसायचं. गाण्याची चाल कुठल्या हिंदी गाण्यावरून मारलीय, ते पिटातली पोरंच ओरडून सांगायची. शुक्रवारी बरी गर्दी, शनिवारी निम्मी, आणि रविवारी मॅटिनीला मी, डोअरकीपर आणि बाहेर पाऊस लागला म्हणून आत शिरलेलं एक कुटुंब. त्यांनीही पाऊस थांबल्यावर मध्यांतराची वाट बघितली नाही.

भाची : असले मी एकही बघितले नाहीत.

मामा : कुठून बघशील? कुणी जपलेच नाहीत. तुझ्यापर्यंत आले ते दहा-बारा. त्या दहा-बारांवरून तू अख्खा काळ सोन्याचा ठरवतेस. आणि आजचे मात्र झाडून सगळे बघतेस, टुकारसुद्धा. सोन्याचा एक दागिना एका पारड्यात आणि दुसऱ्यात अख्ख्या बाजाराचं भंगार. हा कुठला तराजू?

मुलगी थोडा वेळ गप्प बसली. आता नमेल असं मला वाटलं, पण ती पाणी पिऊन आली.

भाची : ठीक आहे, दहा-बारा. पण ते दहा-बारा सगळ्यांना पाठ आहेत. गेल्या दहा वर्षांतला एक मराठी सिनेमा सांग, ज्यातलं वाक्य मी अर्धं म्हटलं की रिक्षावाला, माझी बॉस आणि आजी, तिघंही पुरं करतील. बनवाबनवीतल्या धनंजय मान्यांचा पत्ता विचारला की अख्खी लोकल वळून बघते. हे मार्केटिंगने होत नाही.

मामा : मार्केटिंगने नाही, घोकंपट्टीने झालं. आधी एकच दूरदर्शन. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, घरात टीव्ही नसेल तर शेजाऱ्याकडे जाऊन बघायचा. मग केबल आली, आणि वाहिन्यांनी दर सुट्टीच्या दुपारी तेच सिनेमे इतक्यांदा लावले की पाढ्यांसारखे पाठ झाले. सगळा महाराष्ट्र एकाच ताटात जेवत होता, कारण दुसरं ताटच नव्हतं.

भाची : पण जेवत होता ना एकत्र! मला तेच हवंय. माझ्या ऑफिसात दहा जण दहा मालिका बघतात. एक कोरियन बघतो, एक मल्याळम, एक गुन्हेगारीचे पॉडकास्ट ऐकतो. डबा खाताना बोलायला विषय नाही, म्हणून शेवटी सगळे बनवाबनवीवर येतात. तेवढं एकच सगळ्यांचं आहे.

हे मला पटलं. मामालाही पटलं असावं, कारण त्याने गाडी टीव्हीकडे वळवली.

मामा : त्या एका ताटात 'चिमणराव' होता हे खरं. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. पण 'चिमणराव' काही रोज नसायचा. उरलेल्या वेळात आम्ही 'आमची माती, आमची माणसं'मध्ये भातावरच्या किडीचा बंदोबस्तसुद्धा डोळे फाडून बघितलाय, आणि आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणाची शेती नाही.

भाची : मला टीव्हीतलं जुनं म्हणजे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. पुन्हा प्रभावळकरच. आठवड्याला एक भाग, एका घरातली एक गोष्ट, संपली की संपली. आजोबा, सून-मुलगा, दोन नातवंडं आणि कुणीही कुणाला विष घालत नाही. आता रोज अर्धा तास भरायचा म्हणून एका थपडेवर चार दिवस काढतात. थप्पड बसली, सगळ्यांचे चेहरे, पुन्हा थप्पड, आणि उद्या पहिल्यापासून.

मामा : रोजच्या मालिकेचं पाप आजच्यांच्या माथी मारू नकोस. मराठीत ती 'दामिनी'ने सुरू केली, १९९७ साली, दूरदर्शनवर. आणि तुझी आजी ती कुकर लावायचा थांबवून बघायची. त्यापेक्षा मी आता 'हास्यजत्रा' बघतो. समीर चौघुले, नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर. दर आठवड्याला नवं लिहायचं, पाठ करायचं, उभं करायचं आणि मोकळं व्हायचं. आमच्या वेळचे नट एकच नाटक वर्षानुवर्षं करून टायमिंग कमवायचे. ही पोरं चार दिवसांच्या तालमीवर ते करतात. चौघुलेचा नुसता उभं राहण्याचा ढंग बघ.

भाची : स्किट छानच असतं. पण ते परीक्षक! विनोद झाला की कॅमेरा त्यांच्यावर, ते खुर्चीतून खाली पडतायत, डोळे पुसतायत. मला हसू येणार असतं तेच मुळी त्यांनी आधी हसून टाकलेलं असतं. बनवाबनवीत कुणी कोपऱ्यात उभं राहून 'हसा आता' म्हणत नाही.

मामा : हे मात्र मान्य. मी त्या वेळी आवाज बंद करतो.

इथवर सामना बरोबरीत होता. मग मामाने आपला हुकमी पत्ता टाकला. तो 'एक होता विदूषक' काढणार, हे मला आधीपासून ठाऊक होतं. गेली तीस वर्षं प्रत्येक वादात तो काढतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडे त्याहून चांगला मुद्दा नाही.

मामा : तुझ्या त्या सोन्याच्या काळात, १९९२ साली, एक सिनेमा आला. दिग्दर्शक 'सामना' आणि 'सिंहासन'वाले जब्बार पटेल. लिहिला कुणी? पु. ल. देशपांड्यांनी. गाणी ना. धों. महानोरांची. आणि नायक कोण? तुझा लक्ष्या. तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा स्टार होतो आणि मग राजकारण्यांच्या हातात सापडतो. लक्ष्याने त्यात काय काम केलंय! तोच चेहरा, तेच डोळे, पण हसवायचं थांबल्यावर तो माणूस कसा दिसतो, ते बघ. मी ती पेटी घेऊन एका तालुक्याच्या गावी गेलो. बोर्डावर लक्ष्याचा फोटो, म्हणून पहिल्या शोला टॉकीज भरलं. अर्धा तास लोक वाट बघत होते, हा आता विनोद करेल, मग करेल. मग शिट्ट्या. मग खुर्च्या वाजायला लागल्या. मध्यांतरानंतर निम्मं टॉकीज रिकामं. एक जण बाहेर येऊन मला म्हणाला, पैसे परत द्या, लक्ष्याला रडवलाय तुम्ही. त्याच गावात वर्षभरापूर्वी 'माहेरची साडी'ला बैलगाड्या लागल्या होत्या.

भाची : लोकांना नाही आवडला, त्यात काळाचा काय दोष?

मामा : काळ म्हणजे लोकच की. तुम्ही म्हणता तेव्हाचे प्रेक्षक दर्दी होते. त्या दर्दी प्रेक्षकांनी महाराष्ट्रातल्या सगळ्यात लाडक्या नटाला सांगितलं, की बाबा, तू फक्त धडपड, पड आणि डोळे फिरव. पुढे बारा वर्षं तो तेच करत राहिला आणि २००४ साली गेला. पन्नाशीत. 'लक्ष्या, लक्ष्या' म्हणून आज मीम बनवणाऱ्यांपैकी किती जणांनी 'विदूषक' बघितलाय? तू?

भाची : ... नाही.

मामा : बघ.

भाची : बघते. पण मग मलाही विचारू दे. 'कोर्ट' किती लोकांनी बघितला? चैतन्य ताम्हाणेचा. व्हेनिसला दोन पारितोषिकं, राष्ट्रीय पुरस्कार, ऑस्करला भारतातर्फे पाठवला. आपल्या बिल्डिंगमध्ये विचार. 'साबर बोंडं'ला सनडान्सला परदेशी सिनेमांतलं सगळ्यात मोठं पारितोषिक मिळालं, २०२५ साली. माझ्या ऑफिसात नाव तरी कुणाला माहितीये का? तुझे आजचे प्रेक्षक कुठे दर्दी आहेत?

मामा : नाहीत. पण सिनेमा तरी बनतोय. 'कोर्ट'मध्ये एक म्हातारा शाहीर, एक कंटाळलेली सरकारी वकील, जी कोर्टातून घरी जाऊन भाजी टाकते, आणि तारखांमागून तारखा. नायक नाही. १९९०मध्ये असा सिनेमा घेऊन कुणी आमच्या मालकाकडे आला असता, तर मालकाने चहा पाजून वाटेला लावला असता. फार तर विचारलं असतं, लक्ष्याला कुठे घालता येईल का. आज तो बनतो. गावाकडच्या दोन पुरुषांच्या प्रेमावर मराठी सिनेमा बनतो. 'वाळवी'त अडीच तास न घालवता खुनाची गोष्ट चोख सांगून संपवतात. आणि 'सैराट'...

भाची : आला! मी वाटच बघत होते.

मामा : येणारच. अकलूजच्या शाळेतली मुलगी, तिच्यासमोर तसाच नवखा पोरगा, सोलापूरकडची बोली जशीच्या तशी. आमच्या काळात गावाकडचा माणूस पडद्यावर कशाला यायचा? एकतर पाटलाच्या वाड्यावर मिशीला पीळ द्यायला, नाहीतर शहरात हरवून हसू करून घ्यायला. इथे तो गोष्टीचा मालक आहे. आणि कारागिरी बघ. अजय-अतुल सिनेमाचं संगीत करायला हॉलिवूडला गेले, भलामोठा वाद्यवृंद घेतला, त्या संगीताने थिएटरात लोक खुर्च्यांवर चढून नाचले. आणि दिग्दर्शक नागराजने शेवटच्या प्रसंगात ते सगळं बंद करून टाकलं. एवढं महागाचं संगीत हाताशी असताना ते न वापरायची हिंमत आमच्या एकाही दिग्दर्शकाकडे नव्हती. आमच्याकडे रडायच्या सीनला सनई लागलीच पाहिजे.

भाची : सगळं मान्य. फक्त एक सांग, 'सैराट' कधीचा?

मामा : २०१६.

भाची : मी शाळेत होते तेव्हा. आणि 'कोर्ट' त्याच्याही आधीचा. गेल्या वर्षी मार्चमध्ये, की त्याच्या आदल्या, 'सैराट' थिएटरात परत लावला तेव्हा जाहिरातीत लिहिलं होतं, आठवणी ताज्या करा. तुझं 'आजचं' जुनं झालंय मामा. तू पण माझ्याच रांगेत उभा आहेस, फक्त पंचवीस-तीस माणसं पुढे.

(मार्च २०२५. मी तपासून घातलं आहे. मामा या वाक्यावर पहिल्यांदाच मनापासून हसला.)

मामा : परत लावण्याचं तर मला कौतुकच वाटत नाही. 'तुंबाड' घे. २०१८ला आला तेव्हा लोक फिरकले नाहीत. २०२४ला पुन्हा लावला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला. एक फ्रेम बदललेली नाही. पाऊस तोच, वाडा तोच, हस्तर तोच. बदललं काय? मधल्या सहा वर्षांत सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं, की बघायला हवा होता. आमच्या धंद्यात याला उपयोग नाही. सिनेमा पहिल्या सोमवारी जगतो किंवा मरतो. निर्मात्याने सहा वर्षं काय खायचं?

भाची : पण दुसरे भाग काढण्यापेक्षा बरं. 'झपाटलेला २' थ्रीडीत आणला, 'नवरा माझा नवसाचा'चा दुसरा भाग वीस वर्षांनी काढला. मला त्यात माझे आवडते लोक थकलेले दिसतात. एक होतं तेवढंच राहू द्यावं.

मामा : यात तुझं-माझं भांडण नाही. फक्त अशोक सराफांना त्यातून वगळ. 'अशोक मा. मा.' मालिकेतही त्यांचं तेच. समोरचा बोलत असताना ऐकतात.

भाची : आणि 'बाईपण भारी देवा'? तो तर अगदी नवा, २०२३चा. आईबरोबर गेले होते. थिएटरात बायकाच बायका, नटूनथटून, घोळक्याने. मजा आली. पण सिनेमात सहा बहिणी जे भोगतात, ते सगळं त्या बोलून दाखवतात. मी आता सहन करणार नाही, मी आता स्वतःसाठी जगणार. अगं, बोलू नकोस, जग ना! 'चिमणराव' शंभर टक्के बावळट आहे, पण तो कधी म्हणत नाही, की मी बावळट आहे.

मामा : सिनेमाचं मला माहीत नाही, मी दारातच जास्त वेळ उभा होतो. तीस वर्षांनी तशी रांग बघितली. 'माहेरची साडी'ला होती तशीच, फरक एवढाच की त्या बायका रडत बाहेर यायच्या आणि या नाचत. ज्या बाईने कित्येक वर्षांत थिएटरचं तोंड बघितलं नाही, तिला जो सिनेमा घराबाहेर काढतो, त्याच्या संवादांवर मी टीका करणार नाही. आणि आता मला एक खरं सांग. बनवाबनवी तू किती वेळा बघितलास?

भाची : मोजलं नाही. खूप.

मामा : तिकीट किती वेळा काढलंस?

भाची : ... तिकीट कुठे? मोबाइलवर, टीव्हीवर.

मामा : म्हणजे प्रेम डोंगराएवढं आणि गल्ला शून्य. माझ्या डीसीआरमध्ये तू प्रेक्षक म्हणून धरलीच जाणार नाहीस.

भाची : हा अन्याय आहे! मी तिकीट काढायला तयार आहे. सिनेमा आहे कुठे? मागच्या महिन्यात एका मराठी सिनेमाचं सगळ्यांनी कौतुक केलं. आमच्या जवळच्या मल्टिप्लेक्सला शो कधी, तर दुपारी सव्वाबारा. कामाच्या दिवशी. रविवारी बघू म्हटलं, तोवर उतरला. तुझी पेटी निदान सोमवारी परत जायची. आताची शनिवारीच जाते.

इथे मात्र मी तोंड उघडलं. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा 'प्राइम टाइम'मध्ये दाखवायला लावलं आणि तो प्राइम टाइम दुपारी बारा ते रात्री नऊ असा ठरला. म्हणजे मंगळवारी दुपारचा सव्वाबाराचा शो नियमात चोख बसतो. ज्याने हे वेळापत्रक लावलं, त्याच्या घरात कुणी नोकरी करत नसावं. पण हे दुखणंही आजचं नाही. १९७१ला दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरचं 'कोहिनूर' मिळेना, तिथे देव आनंदचा सिनेमा लावायचा होता. शिवसेना मध्ये पडली तेव्हा 'सोंगाड्या' लागला आणि पुढे तुफान चालला. तेव्हा आडवा देव आनंद होता. आता हिंदीच्या जोडीला दक्षिणेतला डब केलेला सिनेमा असतो आणि हॉलिवूडचाही.

मामा : बघा, भाऊजी बोलले. दादांना पडदा मिळवायला मोर्चा लागला. आता मोर्चा कोण काढणार, सगळे घरी बसून बनवाबनवी बघतायत.

भाची : मामा, संध्याकाळी सातचा शो लाव आणि मग मला बोल.

मामा : मी काय लावणार? मी पेट्या नेणारा माणूस. आता तर पेटीच नाही, सिनेमा सॅटेलाइटवरून येतो.

त्यानंतर दोघांचं ठरलं ते असं. मुलगी या आठवड्यात 'एक होता विदूषक' बघणार, मध्ये न थांबवता, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. मामा 'टिपरे'चे चार भाग बघणार. आणि पुढचा नवा मराठी सिनेमा दोघांनी मिळून पहिल्याच शनिवारी बघायचा, वाईट निघाला तरी. तिकिटं माझ्या खर्चाने, हे माझ्या परस्पर ठरलं.

मल्टिप्लेक्सच्या व्यवस्थापकांपैकी कुणी हे वाचत असेल तर एकच विनंती आहे. शनिवारी संध्याकाळी सातचा एक शो मराठीला द्या. आमच्याकडून तीन तिकिटं धरून चाला, आणि त्यातला एक माणूस दारात उभा राहून बाकीची मोजेल.